जुना जपानी वापुरो: प्लग लावण्याआधी, खोलताना आणि चालू झाल्यावर

वापुरो म्हणजे जपानी पोर्टेबल वर्ड प्रोसेसर. कीबोर्ड, एलसीडी पडदा, फ्लॉपी ड्राइव्ह आणि छपाईचं थर्मल हेड, सगळं एकाच डब्यात. शार्पचे शोइन, तोशिबाचे रुपो, एनईसीचे बुंगो मिनी, फुजित्सूचे ओआसिस हे त्यातले नेहमी भेटणारे. मॉडेलप्रमाणे तपशील बदलतात, पण कामाचा क्रम सगळ्यांना तोच लागू पडतो, आणि घोळ होतो तो नेमका क्रमातच. लोक आधी वीज देतात, मग सोबत आलेली फ्लॉपी आत सारतात, आणि काहीच झालं नाही की शेवटी झाकण उघडतात. तोवर पॉवर सप्लाय जळालेला असतो आणि फ्लॉपीवर ओरखडा उठलेला असतो. खालचा क्रम उलट्या दिशेने जातो: आधी डोळे, मग स्क्रूड्रायव्हर, मग मीटर, आणि सगळ्यात शेवटी वीज.

१. अवजारं आणि जागा

सगळ्यात महत्त्वाचं अवजार म्हणजे जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या, मापाचा स्क्रूड्रायव्हर. जपानी यंत्रांतले चौफुलीचे स्क्रू दिसायला नेहमीच्या फिलिप्ससारखे असतात, पण खाचेचा आकार वेगळा. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही. जोर दिला की वर सरकतं आणि खाच गोल होते. डोक्यावर सुईच्या टोकाएवढा ठिपका असेल तर तो जेआयएस स्क्रू समजा. दोन नंबरचं आणि एक नंबरचं, अशी दोन टोकं पुरतात.

बाकी यादी छोटी आहे: मल्टिमीटर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, जुनं प्लास्टिकचं कार्ड, मऊ ब्रश, कागदी टेप, डिस्टिल्ड वॉटर, थोडं पांढरं व्हिनेगर आणि १० किलोओहम ५ वॅटचा एक रेझिस्टर. स्क्रू ठेवायला अंड्यांचा ट्रे घ्या. कोणत्या भोकातला स्क्रू कोणत्या खणात, ते तिथेच पेनने लिहा. लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असलेले स्क्रू या यंत्रांत हमखास असतात, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर तो थेट बोर्डाला टेकतो.

२. लेबल वाचा, वीज ठरवा

यंत्र उलटं करून लेबल पाहा. दोन प्रकार असतात. एकात वीज थेट यंत्रात जाते आणि लेबलवर एसी १०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असतं. दुसऱ्यात बाहेरचा अ‍ॅडॅप्टर लागतो. मग डीसीचा आकडा आणि पिनच्या टोकाची खूण दिसते.

थेट १०० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० व्होल्टवर लावलं तर पहिल्याच क्षणी पॉवर सप्लाय जातो. हे बहुतेकांना माहीत असतं. फसगत होते ती पुढच्या दोन ठिकाणी.

पहिली गोष्ट, हलका, मुठीत मावणारा ‘कन्व्हर्टर’ चालत नाही. तो हेअर ड्रायर किंवा इस्त्रीसारख्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतो. तो व्होल्टेज खरोखर उतरवत नाही, लाटेचे तुकडे पाडतो. तुकड्याचं शिखर उंचच राहतं, आणि यंत्रातला मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, त्या शिखराएवढा चार्ज होतो. लोखंडी गाभ्याचा, हाताला जड लागणारा ट्रान्सफॉर्मरच हवा.

दुसरी, बाजारात सहज मिळतो तो ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. घरातला सप्लाय २५०पर्यंत चढला की त्यातून जवळजवळ १२० व्होल्ट बाहेर पडतात. जुन्या, वाळत आलेल्या कपॅसिटरांना एवढा ताण नको. १०० व्होल्टचा बनवून घ्या, शक्यतो दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा. क्षमता लेबलवरच्या वॅटच्या दुप्पट धरा. छपाई सुरू झाली की करंट एकदम वाढतो, म्हणून ४० वॅटच्या यंत्राला १०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) ट्रान्सफॉर्मर योग्य.

वायरच्या टोकाला प्लगशेजारी हिरवी तार लोंबत असेल तर ती अर्थची आहे. कापून टाकू नका, अर्थला जोडा.

*इशारा:* बाहेरच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणाऱ्या जपानी यंत्रांत पिनचा आतला भाग ऋण असणं अगदी सर्रास आढळतं. आपल्याकडच्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरांत तो धन असतो. पिन बसते म्हणून लावू नका. लेबलवरचं चित्र आणि मीटरवरची खूण जुळली तरच लावा.

३. झाकण उघडणं

आधी रिबन कॅसेट काढा, ड्राइव्हमध्ये फ्लॉपी नाही ना ते पाहा, बॅटरी पॅक असेल तर बाजूला करा. पडदा उघडताना एका कोपऱ्याला धरून उचलू नका. बिजागरीचं तेल सुकलेलं असतं आणि तिला धरून ठेवणारं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. कड्‌ असा आवाज आला तर ते प्लास्टिकच गेलं. दोन्ही हात दोन्ही बाजूंना, आणि सावकाश.

स्क्रू खालच्या बाजूला असतात, काही रबरी पायांखाली, काही स्टिकरखाली, एखादा रिबनच्या खणात. सगळे निघाल्यावरही झाकण हलत नसेल तर कडेने प्लास्टिकचे हूक आहेत. फटीत कार्ड घालून सरकवत न्या. धातूची पट्टी घातली तर कडा कायमच्या ओरबाडल्या जातात.

झाकण सुटलं की लगेच उचलून बाजूला ठेवायचं नाही. जेमतेम दोन बोटं उचला आणि आत डोकावा. कीबोर्डाची चपटी रिबन केबल आणि पडद्याची तार खालच्या बोर्डाला जोडलेली असते. चपटी केबल ज्या सॉकेटात जाते त्याला दोन्ही टोकांना छोटे कान असतील तर ते आधी बाहेर ओढायचे, मग केबल आपसूक सुटते. कान नसतील तर केबल बोटांत धरून सरळ रेषेत ओढायची. केबल तिरकी ओढली की कडेचा पट्टा तुटतो, आणि मग कीबोर्डाची एक अख्खी ओळ मुकी होते.

प्रत्येक केबल काढण्याआधी फोटो घ्या. काढल्यावर पुन्हा एक.

४. आतली पाहणी

हा टप्पा घाईत उरकला जातो, आणि यंत्राचं भवितव्य इथेच ठरतं.

*उरलेला चार्ज.* थेट विजेच्या यंत्रात पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर १०० व्होल्टवर सुमारे १४० व्होल्टपर्यंत चार्ज होतो. मीटरने मोजा. व्होल्टेज दिसलं तर त्याच्या दोन टोकांना १० किलोओहमचा रेझिस्टर पक्कडीने दहा सेकंद टेकवा आणि पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडू नका. त्याने ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा, उडतात.

*मेमरीची बॅटरी.* बोर्डावर प्लास्टिकच्या आवरणातली, बहुतेकदा निळी किंवा हिरवी, छोट्या पिंपासारखी बॅटरी दिसली तर ती निकेल-कॅडमियमची आहे. आसपास निळसर-हिरवी बुरशीसारखी खपली असेल तर ती गळली. गळलेली असो वा नसो, तिचे पाय कापून ती काढा. नवी बॅटरी बसवायचं पुढे पाहता येईल. गळालेला द्रव अल्कधर्मी असतो, म्हणून कापसाच्या काडीने व्हिनेगर लावा, फेस थांबला की डिस्टिल्ड वॉटरने पुसा, शेवटी अल्कोहोल. मग मीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग आहे का ते दाखवणाऱ्या खुणेवर) ठेवून त्या भागातले ट्रॅक एकेक तपासा. वरून हिरवा दिसणारा ट्रॅक आतून खाल्लेला असू शकतो.

नाण्यासारखा लिथियम सेल असेल तर तो गळण्याची भीती कमी. तो संपलेला असला तरी वापुरो चालतो, फक्त घड्याळ आणि सेटिंग टिकत नाहीत.

*कपॅसिटर.* बोर्डावर बसके, अ‍ॅल्युमिनियमच्या डबीसारखे कपॅसिटर असतील तर त्यांच्या पायांकडे टॉर्च मारा. सोल्डर चकचकीत न दिसता मळकट राखाडी दिसलं, बोर्ड चिकट लागला, किंवा सोल्डरिंग आयर्न टेकवताच माशासारखा वास आला, तर ते गळालेले आहेत. बदलताना मायक्रोफॅरड तोच, व्होल्टेज तेवढं किंवा थोडं जास्त. आणि दिशा! डबीसारख्या अ‍ॅल्युमिनियम कपॅसिटरवर काळा पट्टा ऋण बाजूला असतो, पण त्याच्या जागी टँटलम बसवलात तर त्याचा पट्टा धन बाजूचा असतो. दोन्ही पट्टे एकसारखे समजून उलटा बसवलेला टँटलम वीज मिळताच पेट घेतो.

*कॅरेज.* छपाईचं हेड ज्या दांड्यावर सरकतं तो पाहा. बोटाने हेड डावीकडून उजवीकडे पूर्ण सरकवा. सुरुवातीला थोडा अडथळा लागतो, तो जुन्या ग्रीसचा. दांडा अल्कोहोलने पुसून नव्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. हेड मध्येच अडकत असेल तर वीज द्यायची नाही. वापुरो चालू होताच हेड एका टोकाला नेऊन बघतो. ते अडकलं तर मोटर चालवणारी चिप तापून जाते.

*फ्लॉपी ड्राइव्ह.* बरेच जुने ड्राइव्ह रबरी पट्ट्यावर फिरतात. वर्षानुवर्षांनी रबराचं काळं डांबर होतं. ते बोटाला लागलं की सगळीकडे पसरतं, म्हणून आधी चिमट्याने मोठे तुकडे उचला, मग पुली अल्कोहोलने धुवा. नव्या पट्ट्याचं माप घ्यायला जुना तुकडा उपयोगाचा नाही, तो ताणलेला असतो. पुल्यांभोवती दोरा फिरवून लांबी मोजा आणि त्याहून ५ ते १० टक्के कमी घेराचा चपटा पट्टा लावा. हेड पुसताना वरचा हात दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उचलायचा नाही. त्याची पातळ पट्टी वाकली की ड्राइव्ह परत सरळ होत नाही.

*तपासा:* बॅटरी निघाली, कॅरेज मोकळं, पट्टा बसला, केबली जागेवर. हे सगळं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

५. पहिली वीज

झाकण नुसतं ठेवा, स्क्रू लावू नका. फ्लॉपी नाही, रिबन नाही, कागद नाही.

यंत्र थेट विजेचं असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडा. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी आहे. बटन दाबताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत जळतच राहिला तर आत शॉर्ट आहे. ताबडतोब बंद करा. क्वचित सप्लाय कमी व्होल्टेजमुळे धडपडत चालू-बंद होतो. बल्ब मंदच असेल तर घाबरू नका, बल्ब काढून एकदा सरळ लावा.

पडदा कोरा राहिला तर यंत्र गेलं असं समजू नका. आधी कॉन्ट्रास्टचं चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मग पडद्यावर तिरका टॉर्च मारा. अक्षरं दिसली तर फक्त मागचा दिवा गेला आहे. पडद्यात डाग पसरलेत आणि व्हिनेगरचा वास येतो, तर वरची पोलरायझर फिल्म कुजली आहे. ती बदलता येते, काच वाचते.

*इशारा:* पातळ नळीचा बॅकलाइट असेल तर त्याला वीज देणाऱ्या छोट्या बोर्डावर शेकडो व्होल्ट असतात. चालू असताना तिकडे बोट नेऊ नका.

काही यंत्रं थेट मेनू दाखवतात, काही सिस्टीमची किंवा शब्दकोशाची फ्लॉपी मागतात. ती मागणारं यंत्र बिघडलेलं नसतं.

६. कळा ओळखणं

मोबाइलच्या कॅमेरा-भाषांतराने कळा वाचा आणि कागदी टेपवर मराठीत लिहून चिकटवा. हे आधी करायचं, चाचपडत नाही. नेहमी लागणाऱ्या कळा आणि मेनूतले शब्द असे:

- हेन्कान: लिहिलेल्या ‘काना’चं (उच्चार दाखवणाऱ्या जपानी अक्षरांचं) कांजीत (चित्राक्षरांत) रूपांतर
- मुहेन्कान: रूपांतर न करता तसंच ठेवा
- जिक्को: करा, अंमलात आणा
- तोरिकेशि: रद्द
- काइग्यो: नवी ओळ
- साकुजो: खोडा
- होझोन किंवा तोरोकु: साठवा
- योबिदाशि: साठवलेलं उघडा
- इन्सात्सु: छापा
- शूर्यो: काम संपवा
- शोकिका: फ्लॉपी फॉरमॅट करा

शेवटच्या शब्दावर लाल टेप लावा. शोकिका हा तीन चिन्हांचा शब्द आहे आणि अनोळखी फ्लॉपी घातली की यंत्र बहुधा तोच प्रश्न विचारतं. उत्तर कायम तोरिकेशि.

टायपिंग रोमाजीत, म्हणजे रोमन अक्षरांत, होतं. एन-आय-एच-ओ-एन-जी-ओ टाइप करा, हेन्कान दाबा, ‘निहोन्गो’ हा शब्द तीन कांजींत येतो. नको तो पर्याय आला तर हेन्कान पुन्हा दाबत राहा, हवा तो आला की जिक्को किंवा काइग्यो. मराठी कानाला दोन ठिकाणी अडखळायला होतं. पहिलं म्हणजे पाय मोडलेला न. ‘होन-या’, पुस्तकाचं दुकान, लिहिताना एन एकदाच दाबला तर यंत्र त्याचं ‘हो-न्या’ करतं. एन दोनदा दाबायचा. दुसरं म्हणजे दीर्घ ओ. तोक्यो शहर टी-ओ-यू-के-वाय-ओ-यू असं लिहावं लागतं. उच्चार ऐकून लिहिलं की कांजी मिळत नाही, आणि दोष यंत्राला लागतो.

ओआसिसच्या अनेक यंत्रांवर स्पेसच्या जागी अंगठ्याच्या दोन शिफ्ट कळा असतात. प्रत्येक कळेवर दोन ‘काना’ अक्षरं छापलेली दिसली तर ही मांडणी आहे. आधी मेनूत रोमाजीचा पर्याय आहे का ते शोधा.

७. फ्लॉपी

सोबत आलेल्या फ्लॉपीवर कुणाची तरी पत्रं, हिशेब, याद्या असतात. म्हणून क्रम असा:

अ) आधी कोपऱ्यातली खिडकी उघडी करा. साडेतीन इंची फ्लॉपीत खिडकी उघडी म्हणजे लिहायला बंद. 

आ) पत्र्याचा पडदा सरकवून चकती हळूहळू फिरवत पाहा. कोकणासारख्या दमट हवेत राहिलेल्या फ्लॉपीवर पांढरट गोल ठिपके असतात, ती बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर हेड खराब होतं आणि ते हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर रेघ ओढतं. 

इ) वापुरोत घालण्याआधी प्रत काढा. नेहमीचे यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह ७२० केबी आणि १.४४ एमबी एवढंच धडपणे वाचतात. जपानी १.२ एमबीची फ्लॉपी मिनिटाला ३६० फेऱ्यांवर लिहिलेली असते, ती त्यांना बहुधा झेपत नाही. ग्रीझवीझलसारखा बोर्ड आणि जुन्या पीसीतला साधा ड्राइव्ह वापरलात तर फॉरमॅट न ओळखताही चकतीवरची कच्ची नोंद उतरवता येते.

नवीन साठवणीसाठी टू-डीडी (कमी क्षमतेच्या, ७२० केबीच्या) ड्राइव्हला टू-डीडी फ्लॉपीच द्या. टू-एचडी (जास्त क्षमतेच्या) फ्लॉपीचं दुसरं भोक टेपने बुजवून काम भागतं असं वाटतं, पण तिचं चुंबकीय द्रव्य वेगळं असतं. आज लिहिलेलं काही दिवसांनी वाचता येत नाही.

मजकूर संगणकावर न्यायचा असेल तर मेनूत एमएस-डॉस किंवा ‘बुन्शो हेन्कान’, म्हणजे मजकुराचं रूपांतर, शोधा. निघालेली फाइल शिफ्ट-जेआयएस या जपानी एन्कोडिंगमध्ये असते. एडिटर तिला यूटीएफ-८ समजला तर चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, एन्कोडिंग बदलून पुन्हा उघडा. तक्त्याच्या रेघा आणि स्वतः बनवलेली अक्षरं मात्र सुटतात.

८. छपाई

रिबनशिवायही छापता येतं, थर्मल कागदावर, आणि पहिली चाचणी तशीच करावी. फॅक्सच्या २१० मिलिमीटर रोलमधून तुकडा कापा. नखाने दोन्ही बाजूंवर ओरखडा काढा. काळी रेघ उठते ती बाजू हेडकडे. गडदपणा, म्हणजे ‘नोदो’, सगळ्यात कमी ठेवा आणि तिथून एकेक पायरी वाढवा. छापलेल्या ओळींत एकाच उंचीवर आडवी पांढरी रेघ सरळ दिसत गेली तर हेडचा एक ठिपका मेला आहे किंवा त्यावर मळ आहे. थंड हेड अल्कोहोलच्या काडीने पुसा, पाच मिनिटं वाळू द्या, मग निदान करा.

रिबन वापरायची तर गुळगुळीत कागद घ्या. खडबडीत कॉपीच्या कागदावर रिबनवरचं मेण सगळीकडे टेकत नाही आणि अक्षरं तुटक येतात. रिबन सैल असेल तर पेन्सिलीने चक्र फिरवून ताठ करा.

वापरलेली रिबन उजेडात धरलीत तर आधीच्या मालकाने छापलेलं प्रत्येक अक्षर तिच्यात कोरल्यासारखं पारदर्शक दिसतं. तिचे फोटो कुठेही टाकू नका. नको असेल तर कापून टाका.

‘गाइजी’ची सोय असेल तर देवनागरीही छापता येते. गाइजी म्हणजे चौकटीत ठिपके भरून स्वतः बनवायचं अक्षर. जेआयएसच्या अक्षरसंचात ग्रीक आहे, रशियन आहे, देवनागरी नाही. २४ बाय २४ ठिपक्यांच्या चौकटीत वरून पाचवी-सहावी ओळ शिरोरेषेला द्या आणि ती डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत पूर्ण भरा. वरच्या चार ओळी मात्रा आणि रफाराला, खालच्या पाच उकाराला. एका चौकटीवर दुसरी चढत नाही, म्हणून क, कि आणि कु ही तीन वेगळी अक्षरं बनवावी लागतात. छापताना अक्षरांमधलं अंतर शून्य करा, नाहीतर शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते.

९. बंद करणं आणि ठेवणं

मेनूतून शूर्यो, मग फ्लॉपी बाहेर, मग बटन, शेवटी ट्रान्सफॉर्मर. फ्लॉपी आत असताना वीज घालवू नका.

झाकणाचे स्क्रू परत लावताना आधी उलटं फिरवा. ‘टक्’ असं जाणवलं की स्क्रू जुन्या आट्यांवर बसला. आता सरळ फिरवा, आणि बसला तिथेच थांबा. या प्लास्टिकला नवे आटे पाडले की दुसऱ्यांदा स्क्रू धरत नाही.

पावसाळ्याआधी रिबन आणि बॅटरी पॅक काढून ठेवा, फ्लॉप्या सिलिका जेलच्या पुडीसोबत हवाबंद डब्यात. दर सहा महिन्यांनी यंत्र अर्धा तास चालू ठेवा आणि थर्मल कागदावर एक ओळ छापून घ्या.